कच्चा, नवखा, अडाणी

खरसुंडीच्या यात्रेत खिलार खोंडाचा सौदा ठरण्याआधी घेणारा त्याचा खालचा ओठ ओढून दात बघतो. दुधाचे दात अजून शाबूत असतील तर जनावर 'आदत'. पुढचे दोन पडून त्या जागी पक्के दात आले की 'दुसा', चार आले की 'चौसा', पुढे सहादाती, आणि आठही दात आले की 'जुळलेला'. दुसरं वर्ष ओलांडल्यावर पहिली जोडी येते आणि पाचव्या वर्षाच्या आसपास तोंड जुळतं, त्यामुळे व्यापाऱ्यानं वय कितीही चोरलं तरी दात चोरता येत नाहीत. आटपाडी, खानापूर, माण या खिलारच्या मुलखात हे शब्द लहान पोरांनाही येतात, आणि बैलगाडीच्या शर्यतींत आदतांचं मैदान वेगळं भरवलं जातं. जुळलेल्या बैलांपुढे कोवळं जनावर पळवणं हा सामना नव्हे, एवढी समज त्या वर्गवारीत आहे. लक्षात घेण्यासारखी गोष्ट अशी की आदत म्हटल्यानं खोंडाची किंमत पडत नाही. चांगल्या रक्ताच्या आदताला कित्येकदा जुळलेल्या बैलापेक्षा जास्त पैसे मोजले जातात, कारण घेणारा आजचं काम विकत घेत नसतो, पुढची सात-आठ वर्षं विकत घेत असतो.

माणसांच्या अननुभवाला या भागात जे शब्द आहेत त्यांच्याकडे या अंगानं पाहिलं तर त्यांचे सरळ दोन गट पडतात. व्याकरणाच्या पुस्तकात हे गट सापडणार नाहीत, कारण तिथं सगळीच विशेषणं एका रांगेत बसतात. पण वापरात फरक स्पष्ट आहे. काही शब्द असे आहेत की ते ऐकल्यावर 'कशात?' आणि 'कधीपर्यंत?' हे दोन प्रश्न आपोआप विचारले जातात आणि बहुधा त्यांची उत्तरं शब्दातच असतात. कच्चा, नवखा, शिकाऊ, उमेदवार, नवशिका, कच्चं मडकं हे त्या जातीचे. दुसरे शब्द असे की त्यांच्यापुढे हे प्रश्न विचारताच येत नाहीत: अडाणी, खुळा, बावळट, गावंढळ. अमुक पोरगा हिशेबात कच्चा आहे असं म्हणता येतं. तो हिशेबात बावळट आहे असं कुणी म्हणत नाही, तो नुसताच बावळट असतो, आणि सहा महिन्यांनी तो बावळट राहणार नाही अशी अपेक्षाही कुणी धरत नाही. पहिल्या गटातले शब्द माणसाची सध्याची पायरी सांगतात, दुसऱ्या गटातले त्याचा पिंड सांगतात. या प्रकरणाचं म्हणणं एवढंच आहे की अननुभव ही नेहमी कशाततरी असलेली आणि मुदतीची गोष्ट असते, आणि जिथं जिथं दुसऱ्या गटातला शब्द पहिल्याच्या जागी येऊन बसला तिथं तिथं बोलणाऱ्याचा काहीतरी डाव होता किंवा निदान त्याची नजर चुकली होती.

पहिल्या गटातले शब्द बहुतेक धंद्यांतून आलेले आहेत, ही काही योगायोगाची गोष्ट नव्हे. ज्याला दुसऱ्याच्या हातून काम करून घ्यायचं असतं त्याला नेमकं काय कमी आहे हे कळावंच लागतं. कुंभाराचं कच्चं मडकं घ्या. त्याला आकार पूर्ण आलेला असतो, काठ नीट असतो, दुरून ते पक्क्या मडक्यासारखंच दिसतं. फक्त भट्टी व्हायची असते, आणि पाणी भरलं की फरक कळतो. हुशार पण अजून प्रसंगाला तोंड न दिलेल्या माणसाचं याहून नेमकं वर्णन करणं अवघड आहे. सांगलीच्या हळदपेठेला ज्या पिकानं नाव दिलं त्याच्यावरूनच अर्ध्या हळकुंडानं पिवळं होण्याची म्हण आहे, आणि तिचा रोख अननुभवावर नाही, थोड्या अनुभवाच्या तोऱ्यावर आहे. हळद जमिनीत आठ-नऊ महिने राहते, काढल्यावर शिजवावी लागते, उन्हात कडक वाळवावी लागते, घासून चकाकी आणावी लागते, तेव्हा कुठं हळकुंड सौद्याला लागतं. एवढा खटाटोप रोज पाहणाऱ्या लोकांना अर्ध्यात पिवळ्या होणाऱ्याचं हसू यावं हे साहजिकच. बांधकामावर बिगारी आणि गवंडी, ट्रकवर क्लीनर आणि ड्रायव्हर, तालमीत पठ्ठा आणि वस्ताद, अशा या जोड्या आहेत. खालच्या पायरीचं नाव घेतलं की वरची पायरी डोळ्यापुढं येते आणि मधला रस्ताही दिसतो. गावच्या कुस्ती मैदानात दुपारी आधी रेवड्यांवरच्या, मग नारळावरच्या कुस्त्या लागतात, त्या पोरांच्या असतात. मोठ्या इनामाच्या जोडीला दिवस कलल्यावर हलगी कडकडते. रेवड्यांवर लढणाऱ्याला कुणी नालायक म्हणत नाही. त्याला मैदानात उतरवलंय हेच त्याच्याबद्दलचं मत.

'उमेदवार' हा शब्द तर आज पार बदलून गेला आहे. निवडणुकीच्या पत्रकावर हात जोडून उभा असलेला माणूस म्हणजे उमेदवार असंच आता वाटतं, पण जुन्या मराठीत कचेरीत किंवा पेढीवर नोकरीच्या आशेनं बिनपगारी किंवा नाममात्र पगारावर काम शिकत राहणारा तो उमेदवार. उमेदवारी करणं म्हणजे हाताखाली राबून कसब मिळवणं. हा अर्थ मेलेला नाही. ॲप्रेंटिसला सरकारी मराठीत आजही 'शिकाऊ उमेदवार' म्हणतात आणि 1961 चा त्यांचा कायदाही त्याच नावानं ओळखला जातो. (निवडणुकीतल्या उमेदवारांना हा जुना अर्थ कुणी समजावून सांगितला तर प्रचारसभांचा सूर थोडा उतरेल.) किर्लोस्करवाडीचा कारखाना 1910 मध्ये कुंडल रोड स्टेशनजवळच्या माळावर उभा राहिला, औंधच्या राजांनी दिलेल्या जमिनीवर. त्या माळावर तयार कारागीर कुठून मिळणार? आजूबाजूच्या खेड्यांतली शेतकऱ्यांची पोरं घेऊन त्यांना लेथ आणि ओतकाम शिकवण्यावाचून गत्यंतर नव्हतं. त्या पोरांना 'अडाणी' ठरवून लक्ष्मणराव किर्लोस्करांना पुढं जाता आलं नसतं. ती कच्ची आहेत, पक्की होतील, एवढंच म्हणणं परवडणारं होतं. ज्याचं पोट कामावर अवलंबून आहे त्याची भाषा आपोआप नेमकी होते.

दुसऱ्या गटातला 'अडाणी' मात्र फार लांबचा प्रवास करून आला आहे. न जाणणारा, एवढाच त्याचा अर्थ असता तर तो पहिल्या गटातच बसला असता, कारण न जाणणं हेही कशाततरी असतं. पण अक्षरओळख नसलेल्या माणसाला अडाणी म्हणायची रूढी पडली आणि एका कसबाचा अभाव साऱ्या माणसावर पसरला. ज्या बाईला पावसाचा अंदाज कळतो, बी कसं राखावं कळतं, अडलेली गाय सोडवता येते, ती अडाणी; आणि ज्याला यातलं काही येत नाही पण सही करता येते तो शिकलेला. वाटेगावच्या अण्णाभाऊ साठ्यांची शाळा दीड दिवसाची होती असं सांगितलं जातं. अक्षरं ते पुढं स्वतःच शिकले, आणि 1959 मध्ये 'फकिरा' आली. शाळेच्या अनुभवात ते कच्चेच होते, यात वाद नाही. पण वारणाकाठच्या माणसांच्या अनुभवात त्यांच्याइतका मुरलेला लेखक त्या काळात शोधून सापडला नसता. 'कच्चा' म्हटलं तर ही दोन्ही वाक्यं शेजारी नांदतात. 'अडाणी' म्हटलं की दुसऱ्या वाक्याला जागाच उरत नाही. कर्मवीर भाऊराव पाटलांनी 1919 मध्ये कराड तालुक्यातल्या काले गावी रयत शिक्षण संस्था काढली आणि 1924 मध्ये ती साताऱ्याला आणली, तेव्हा 'कमवा आणि शिका' या सूत्रामागं हाच हिशेब होता: पोराच्या हातात कष्टाचं कसब आधीच आहे, त्याच्या जोरावर अक्षराचं कसब मिळवता येईल. रिकामं भांडं भरण्याचा तो कार्यक्रम नव्हता.

अनुभव कशाततरी असतो हे एकदा मान्य केलं की मोठमोठे अनुभवी लोक एका रात्रीत नवखे कसे होतात हेही समजतं. गोळेश्वरचे खाशाबा जाधव 1948 साली लंडनच्या ऑलिंपिकला गेले तेव्हा लाल मातीत ते चांगलेच कसलेले होते. पण मातीतली आपली कुस्ती निकाली; पाठ लावली की खेळ संपला, आणि तोवर घड्याळाकडं कुणी बघत नाही. तिकडं मॅट, ठरलेला वेळ, पंचांचे गुण. पायाखालची पकडसुद्धा वेगळी. तिथं ते सहावे आले. चार वर्षांनी हेलसिंकीत, 1952 मध्ये, वजनाचा गट बदलून त्यांनी कांस्यपदक घेतलं आणि स्वतंत्र भारताचं ते पहिलं वैयक्तिक ऑलिंपिक पदक ठरलं. लंडनमधल्या खाशाबांना कोणता शब्द लावणार? अननुभवी म्हणणं हास्यास्पद, अनुभवी म्हणणंही अपुरं. 'मातीत तयार, मॅटवर नवखा' एवढं लांब बोलावं लागतं, आणि तेवढं लांब बोलण्याचा कंटाळा हेच बहुतेक अन्यायी विशेषणांचं मूळ आहे. सांगलीतच याच्या उलट बाजूचं उदाहरण आहे. सांगलीचे संस्थानिक चिंतामणराव पटवर्धन यांनी कर्नाटकातून आलेल्या भागवत मंडळींचा खेळ पाहिला आणि तसं काही मराठीत करायला विष्णुदास भाव्यांना सांगितलं. 5 नोव्हेंबर 1843 रोजी 'सीतास्वयंवर' झालं, आणि हाच दिवस आपण आज मराठी रंगभूमी दिन म्हणून पाळतो. त्या रात्री रंगमंचावर आणि रंगमंचासमोर एकही अनुभवी माणूस नव्हता. असणार कसा? मराठीत तसं नाटकच नव्हतं. अनुभवाची अट घालून बसले असते तर पहिला प्रयोग अजून व्हायचा असता.

आता आक्षेप. पहिला आक्षेप असा की पहिल्या गटातले शब्दही काही गोड नाहीत. 'ओठावरचं दूध वाळलं नाही', 'शेंबडं पोर', 'आम्ही तुझ्यापेक्षा चार पावसाळे जास्त पाहिलेत' हे सगळं तोंड बंद करण्यासाठीच वापरलं जातं, आणि 'कच्चं मडकं' म्हटलेलं कुणालाच आवडत नाही. हे खरं आहे, पण इथं एक पाहायला हवं. ज्या वाक्प्रचारांत धार आहे ते जवळजवळ सगळे वयाचे आहेत, कामाचे नाहीत. दूध, शेंबूड, पावसाळे ही जन्मापासूनची मोजणी आहे. वय आणि अनुभव एकत्र वाढतात असा त्यामागचा समज, आणि तो इथल्याच इतिहासात सपशेल खोटा ठरलेला आहे. बाळाजी विश्वनाथ वारल्यावर एप्रिल 1720 मध्ये कराडजवळच्या मसूर इथं शाहू महाराजांनी पेशवाईची वस्त्रं त्यांच्या मुलाला दिली तेव्हा बाजीराव विसाचाही नव्हता. दरबारातल्या जुन्या जाणत्यांना हे रुचलं नाही. श्रीपतराव प्रतिनिधींशी त्याचा पुढं झालेला सामना तर प्रसिद्धच आहे. पण विरोध करणाऱ्यांनी मोजलं होतं ते वय. बाजीराव बापाबरोबर मोहिमांवर वाढला होता, दिल्लीपर्यंत जाऊन आला होता. म्हणजे त्यानं उमेदवारी केलेली होती, आणि तीही अशा हाताखाली की ज्यासाठी कुणीही झुरावं. पालखेडला 1728 मध्ये निजामाची कोंडी झाली ती पावसाळे मोजून झाली नाही. तेव्हा या आक्षेपाला उत्तर असं की वयाचे शब्द अननुभवाचे शब्द म्हणून खपवले जातात, म्हणूनच ते टोचतात.

दुसरा आक्षेप जास्त वजनाचा आहे. नवखेपणाबद्दल एवढी सहानुभूती कशाला, त्याची किंमत दुसऱ्यांना मोजावी लागते, असं कुणी म्हणेल तर त्याला खंबाटकीच्या घाटात उभं करून समजूत घालता येणार नाही. नवख्या चालकाचा पाय चुकला तर मागच्या गाडीतल्यांचा काय दोष? दोष नाहीच. पण हा प्रश्न सोडवताना कायद्यानं काय केलं ते बघा. चालकाला बावळट ठरवलं नाही, शिकाऊ ठरवलं. शिकाऊ परवाना सहा महिन्यांचा असतो, शेजारी पक्का परवानाधारक बसलेला लागतो, गाडीवर पांढऱ्या पाटीत लाल एल लावावा लागतो, आणि तीस दिवसांनंतर पक्क्या परवान्याची परीक्षा देता येते. कशात, कधीपर्यंत, कुणाच्या नजरेखाली, हे सगळं त्यात आलं. म्हणजे जिथं जिवाचाच प्रश्न आहे तिथं आपण सर्वांत काटेकोर शब्द वापरतो. ढोबळ शब्द आपण राखून ठेवतो ते जिथं आपला जीव धोक्यात नसतो तिथं वापरायला. पोरांच्या खेळातला 'कच्चा लिंबू' हीदेखील अशीच शहाणी सोय आहे: धाकट्या भावाला खेळात घ्यायचं, धावू द्यायचं, पण त्याच्यावर राज्य द्यायचं नाही. बाद होण्याची भीती नसलेली जागा कुठलाच कारखाना आपल्या शिकाऊ उमेदवाराला इतक्या उदारपणे देत नाही.

शिवाय किंमत फक्त अननुभवाचीच मोजावी लागते असंही नाही. 2019 च्या ऑगस्टमध्ये कृष्णेचं पाणी चढायला लागलं तेव्हा सांगलीत आणि आसपासच्या गावांत अनेक जाणती माणसं 2005 च्या महापुराची खूण धरून बसली होती. तेव्हा पाणी या पायरीपर्यंत आलं होतं, त्याच्यावर येत नाही, असा तो भरवसा होता आणि तो स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलेल्या गोष्टीवर आधारलेला होता. आयर्विन पुलाजवळ धोक्याची पातळी 45 फूट; त्या वर्षी पाणी 57 फुटांवर गेलं आणि 2005 ची खूण बुडाली. ज्यांनी कधी पूर पाहिलाच नव्हता ते घाबरून आधी निघाले. यावरून अनुभव कुचकामी ठरतो असं म्हणायचं नाही. नावा कुठून घालायच्या, जनावरं कुठल्या उंचवट्यावर न्यायची, हे त्याच जाणत्यांना माहीत होतं. पण 2019 चा पूर सर्वांनाच नवा होता आणि तो आपल्याला नवा आहे हे ओळखायला अनुभवी माणसाकडं शब्दच नव्हता. स्वतःला नवखा म्हणवून घेणं मराठीत पोरासोरांचं काम मानलं जातं, ही आपल्या भाषेच्या सवयीतली एक खोट आहे असं मला वाटतं.

या साऱ्या शब्दांची खरी परीक्षा राज्यकारभारात होते, कारण तिथं अननुभव हे लोकांना वगळण्याचं सर्वांत सोयीचं कारण असतं. लोक अजून तयार नाहीत, हे वाक्य इंग्रजांनी हिंदुस्थानाबद्दल म्हटलं आणि संस्थानिकांनी रयतेबद्दल. औंधच्या भवानराव पंतप्रतिनिधींनी ते म्हटलं नाही. बहात्तर गावं, सुमारे पाऊण लाख वस्ती, आणि तीही विखुरलेली: औंध आज साताऱ्यात, आटपाडी आणि कुंडल सांगलीत. गांधीजींच्या सल्ल्यानं, पोलिश अभियंता मॉरिस फ्रिडमन आणि राजपुत्र अप्पासाहेब पंत यांच्या खटपटीतून तिथं जानेवारी 1939 मध्ये स्वराज्याचा कायदा झाला आणि कारभाराची सूत्रं गावपंचायतींपासून वर जाणाऱ्या निवडलेल्या मंडळांकडं गेली. ज्यांनी आयुष्यात कचेरीची पायरी भीतभीतच चढली असेल असे लोक पंच झाले. त्यांच्या हातून चुका झाल्या नसतील असं मानायचं कारण नाही. पण पुढच्या काही वर्षांत शेजारच्या ब्रिटिश मुलखात नाना पाटलांचं प्रतिसरकार उभं राहिलं तेव्हा कुंडल हे त्याचं एक मुख्य ठाणं होतं, आणि गावानं आपले तंटे आपण सोडवायचे ही कल्पना तिथं कुणाला परकी वाटली नाही. नाना पाटील स्वतः एकेकाळचे तलाठी. राज्य चालवण्याचा अनुभव कुणालाच नव्हता. तो राज्य चालवूनच आला.

आणि तरीही हाच आक्षेप 1993 नंतर पुन्हा नव्यानं ऐकू आला, या वेळी बायकांबद्दल. 73 व्या घटनादुरुस्तीनं पंचायतींत स्त्रियांना एकतृतीयांश जागा मिळाल्या, महाराष्ट्रात 2011 पासून निम्म्या झाल्या, आणि पारावर बोललं जाऊ लागलं की बाई नवखी आहे, तिला काय कळतंय, कारभार मालकच बघतील. इथं 'नवखी' हा पहिल्या गटातला शब्द अलगद दुसऱ्या गटात जाऊन बसला आहे. कशात आणि कधीपर्यंत हे विचारायची सोय राहिलेली नाही. पुरुष पहिल्यांदा सरपंच होतो तेव्हाही तो नवखाच असतो, पण त्याला 'तरुण तडफदार नेतृत्व' असा फ्लेक्स लागतो. त्यात आरक्षण फिरतं आहे. बाई पाच वर्षांत ग्रामसभा, निधी, ग्रामसेवकाची वही, तालुक्याची चक्कर हे सगळं शिकते, कच्चेपणा जातो, आणि पुढच्या सोडतीत ती जागा दुसऱ्या वर्गाला जाते. खुल्या झालेल्या जागेवर पक्ष तिला पुन्हा उभं करतीलच असं नाही. बाजूच्या गावात आरक्षण पडतं तिथं दुसरी नवखी बाई येते. त्यामुळं बायका कारभारात कायम नव्याच दिसतात, आणि त्यांना नवखं म्हणणाऱ्यांना पुरावा शोधत हिंडावं लागत नाही. दर सोडतीला तो तालुक्याच्या ठिकाणी चिठ्ठीतून निघतो.